अँटिबॉडी अल्फा-सायन्युक्लिनला नक्की कुठे चिकटते हे कसं शोधू?

मुळाकाठची

नमस्कार मंडळी. इथे बायोकेमिस्ट्रीवाले बरेच जण दिसतात म्हणून विचारतेय, प्रश्न लांब आहे, सांभाळून घ्या.

मी पुण्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. कंपवातातलं म्हणजे पार्किन्सनमधलं ते अल्फा-सायन्युक्लिन, १४० अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन, त्याच्याविरुद्ध आम्ही लॅबमध्येच मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवल्यात. माणसाचं प्रोटीन ई. कोलाय जिवाणूंमध्ये काढलं, ३७ डिग्रीला आठवडाभर हलवत ठेवून त्याचे फायब्रिल, म्हणजे एकमेकांना चिकटून झालेले लांब धागे, केले, ते उंदरांना टोचले, हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवत राहणाऱ्या पेशी) केले आणि इतक्या सगळ्या खटाटोपातून चार क्लोन हाताला लागले. त्यातला एक फार छान आहे. डॉट ब्लॉटवर (प्रोटीनचा थेंब मेम्ब्रेनवर ठेवून अँटिबॉडी लावतात तो) फायब्रिलचा ठिपका काळाकुट्ट येतो आणि मोनोमरचा, म्हणजे सुट्या प्रोटीनचा, जेमतेम दिसतो. वेस्टर्नवर (जेलमधून मेम्ब्रेनवर उतरवून करतात तो ब्लॉट) मात्र उकळलेल्या सॅम्पलला पंधरा-सोळा किलोडाल्टनच्या आसपास फिकट पट्टा येतो, तोही एकदा येतो एकदा नाही.

सरांचं म्हणणं आहे की हा कन्फर्मेशनल एपिटोप (एपिटोप म्हणजे अँटिबॉडी चिकटते ती जागा) आहे, म्हणजे अँटिबॉडी फायब्रिलचा आकार ओळखते, अमिनो आम्लांचा क्रम नाही, आणि पुढच्या कमिटी मीटिंगच्या रिपोर्टात 'फायब्रिल-स्पेसिफिक' असं लिहून टाकायचं. मला ते पचत नाहीये. फक्त आकारच ओळखत असेल तर एसडीएस डिटर्जंटमध्ये उकळून सगळा आकार मोडल्यावर तो फिकट पट्टा तरी कशाला यावा? सरांना मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले मग तूच शोध नक्की कुठे चिकटते ते, मीटिंगला अडीच महिने आहेत. रागाने नाही म्हणाले, पण आता शोधायलाच हवं.

अख्ख्या प्रोटीनचा पेप्टाइड ॲरे (छोट्या छोट्या तुकड्यांचा संच) बाहेरून करून घ्यायचा तर या वर्षीच्या बजेटमध्ये बसत नाही. क्रिस्टल वगैरे तर आमच्याकडे होणारच नाही. हाताशी काय आहे तर माणसाच्या प्रोटीनचा प्लाझ्मिड (ते बनवणारा जीन असलेला डीएनए), शेजारच्या लॅबमधून मिळू शकणारे थोडे तुकडे (अमिनो आम्ल १ ते ९५, १ ते १२०), एलायझा रीडर, जेल, आणि एक बीएलआयचं (बंध किती घट्ट ते मोजणारं) मशीन जे आठवड्यातून एक दिवस मिळतं. एवढ्यात काय होईल? सुरुवात कुठून करू?

कोडवाला

अल्फाफोल्डला (सिक्वेन्सवरून प्रोटीनचा आकार सांगणारा एआय) प्रोटीनचा आणि अँटिबॉडीचा सिक्वेन्स दे आणि डॉकिंग, म्हणजे दोन्ही कसे जुळतात ते कॉम्प्युटरवर, करून बघ की. एका रात्रीत उत्तर मिळेल, पैसे पण नाहीत लागत. मी दुसऱ्या एका एन्झाइमसाठी केलं होतं, चांगलं जमलं.

खडू_फळा

@कोडवाला, एन्झाइमसाठी ठीक आहे हो, पण हे प्रोटीन द्रावणात मोकळं असताना त्याला ठरलेला आकारच नसतो, उकडलेल्या शेवयीसारखं असतं. अल्फाफोल्ड त्याची पुढची बाजू लांब हेलिक्स करून दाखवतं, ते पेशीच्या मेम्ब्रेनवर बसलेल्या रूपाच्या जवळचं आहे, डॉट ब्लॉटवर ठेवलेल्या मोनोमरचं नाही आणि फायब्रिलचं तर मुळीच नाही. त्यावर डॉकिंग करून जे चित्र येईल ते दिसायला देखणं असेल पण त्याच्या भरवशावर काही लिहू नये.

@मुळाकाठची, मी पाच-सहा वर्षं याच प्रोटीनवर घालवलीत म्हणून थोडं हक्काने सांगतो. एपिटोप नंतर, आधी तुमचा तो फिकट पट्टा बघू. अल्फा-सायन्युक्लिनचा मोनोमर ब्लॉटच्या मेम्ब्रेनवर टिकत नाही, हे प्रोटीन इतकं लहान आणि इतकं विरघळणारं आहे की ट्रान्सफर झाल्यावर धुण्यातच निघून जातं. मी पहिलं वर्ष यातच रडलोय, जेलमध्ये भरपूर प्रोटीन, मेम्ब्रेनवर काहीच नाही, आणि दोष देत बसलो अँटिबॉडीला. उपाय एकदम सोपा आहे, ट्रान्सफर झाल्या झाल्या मेम्ब्रेन ०.४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये अर्धा तास ठेवा, मग ब्लॉकिंग. डॉट ब्लॉटलाही तेच करा. माझा अंदाज आहे की 'मोनोमरचा जेमतेम ठिपका' यातला मोठा भाग अँटिबॉडीमुळे नसून मोनोमर धुतला गेल्यामुळे असणार. फायब्रिल कसे, जड आणि चिकट, ते जागचे हलत नाहीत, म्हणून तुम्ही टाकलं दोन्हीकडे सारखं पण धुतल्यावर उरलं वेगवेगळं, आणि तुलना मात्र करताय उरलेल्याची.

यात एक खोच आहे. फॉर्माल्डिहाइड मुख्यतः लायसिनला धरतं, आणि या प्रोटीनमध्ये १५ लायसिन आहेत, शेवटचं १०२ व्या जागेवर. म्हणजे एपिटोप १०३ च्या पुढे असेल तर फिक्स केल्याने सहसा बिघडत नाही, पण सुरुवातीच्या भागात असेल तर फिक्स केल्यानेच सिग्नल कमी होऊ शकतो. त्यामुळे फिक्स केलेली आणि न केलेली अशा दोन मेम्ब्रेन शेजारी शेजारी चालवा, आणि एक जुनी ओळखीची अँटिबॉडी कंट्रोल म्हणून ठेवा, उदाहरणार्थ क्लोन ४२ जी ९१ ते ९९ या भागाला चिकटते. कंट्रोललाही मोनोमरवर फिकटच दिसलं तर दोष तुमच्या क्लोनचा नाही हे उघड आहे.

आणि खरी तुलना करायची तर मेम्ब्रेन आणि प्लेट दोन्ही विसरा, द्रावणात करा. अँटिबॉडी ठरावीक प्रमाणात घ्या, तिच्यात मोनोमर किंवा फायब्रिल वाढत्या प्रमाणात मिसळा, तासभर ठेवा, आणि मग मोकळी उरलेली अँटिबॉडी किती ते प्लेटवर मोजा. कॉम्पिटिशन एलायझा म्हणतात ती. फायब्रिलचं प्रमाण मोनोमरच्या हिशोबातच लिहा नाहीतर आकडे जुळणार नाहीत, आणि फायब्रिल अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जी ला खाली बसवून धुवून घ्या कारण आठवडाभर हलवूनही थोडा मोनोमर उरतोच.

संगमनेरकर

खडू_फळा यांनी मोनोमर वाहून जाण्याचं सांगितलं ते शंभर टक्के खरं. मी पुढचं सांगते, कारण पेप्टाइडवर पैसे घालवायच्या आधी निसर्गाने फुकट दिलेले म्युटंट वापरून घ्यायला हवेत.

माणसाच्या आणि उंदराच्या अल्फा-सायन्युक्लिनमध्ये १४० पैकी फक्त सात जागी फरक आहे. ५३, ८७, १००, १०३, १०७, १२१ आणि १२२. (५३ ची गंमत माहीतच असेल, माणसात तिथे ॲलॅनिनचं थ्रिओनिन झालं की लवकर पार्किन्सन होतो, १९९७ मध्ये इटालियन-ग्रीक घराण्यांत सापडलेलं ते पहिलं म्युटेशन, आणि उंदरात तिथे जन्मजात थ्रिओनिनच असतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.) तर तुमची अँटिबॉडी उंदराच्या प्रोटीनला चिकटते का ते बघा. चिकटली तर या सात जागा बहुतेक सुटल्या. नाही चिकटली तर यातली निदान एक जागा एपिटोपमध्ये आहे किंवा अगदी लागून आहे.

आणि मला वाटतं नाहीच चिकटणार. का, तर तुम्ही टोचलंय उंदरांना. उंदराची प्रतिकारशक्ती स्वतःच्या प्रोटीनवर सहसा उठत नाही, तिला जे परकं दिसतं त्यावरच ती जोर लावते, आणि माणसाच्या प्रोटीनमध्ये तिला परकं दिसण्यासारखं आहेच काय, या सात जागा. शिवाय फायब्रिलमध्ये ५३ आणि ८७ या जागा आतल्या गाभ्यात असतात. रुग्णांच्या मेंदूतून काढलेल्या फायब्रिलची क्रायो-ईएम (गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने पाहिलेली) रचना २०२२ मध्ये आली त्यात ३१ ते १०० हा भाग घट्ट घडी घातलेला दिसतो आणि १०० नंतरची शेपटी बाहेर झालरीसारखी मोकळी लोंबते. लॅबमध्ये केलेल्या फायब्रिलची घडी वेगळी असते, पण शेपटी तिथेही बाहेरच. म्हणजे बाहेरही आहे आणि परकीही आहे अशी जागा शेपटीतच, त्यातही १२१-१२२. बाजारातल्या माणसापुरत्याच चालणाऱ्या दोन जुन्या अँटिबॉडी बघा, एलबी५०९ चिकटते ११५ ते १२२ ला आणि सिन२११ चिकटते १२१ ते १२५ ला. योगायोग नाही तो.

मग १ ते १२० चा तुकडा लावा. पूर्ण प्रोटीनला चिकटली, १-१२० ला नाही, उंदराला नाही, एवढ्या तीन लेनमध्ये तुम्ही १४० जागांवरून वीसवर याल. शक्य असेल तर बीटा-सायन्युक्लिनही (अल्फाचं भावंड प्रोटीन) लावा, त्याची सुरुवात अल्फासारखीच आहे पण मधला ७३ ते ८३ चा तुकडा नाही आणि शेपटी बरीच वेगळी, त्यामुळे बीटालाही चिकटली तर एपिटोप सुरुवातीकडे समजा.

एक मात्र ध्यानात ठेवा, सिग्नल जाणं हा कच्चा पुरावा. तुकडा नीट बनला नाही, मेम्ब्रेनवर टिकला नाही, कशानेही सिग्नल जाऊ शकतो. सिग्नल परत येणं हा पक्का पुरावा. उंदराच्या प्रोटीनमध्ये १२१ आणि १२२ या दोनच जागा माणसासारख्या करा, म्हणजे ग्लायसिनचं ॲस्पार्टिक आम्ल आणि सेरिनचं ॲस्पॅराजिन, बाकी पाच जागा उंदराच्याच राहू द्या. एका प्रायमर जोडीचं काम आहे. चिकटायला लागली की कमिटीत कुणी तोंड उघडणार नाही.

मुळाकाठची

बाप रे, दोघांनाही मनापासून धन्यवाद. उंदराला परकं काय दिसणार हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता, दोन वर्षं तेच उंदीर सांभाळतेय मी.

पण एक शंका राहते. समजा एपिटोप शेपटीतच निघाला, म्हणजे साधा सरळ सिक्वेन्स, तर मग द्रावणातल्या तुलनेतही ती फायब्रिलला जास्त चिकटली तर ते कसं समजवायचं? शेपटी तर मोनोमरलाही आहे आणि फायब्रिललाही. तेव्हा सर म्हणतील बघ मी म्हणत होतो.

कृष्णाकाठ

हा प्रश्न फार मोलाचा आहे आणि याच्यावर मोठमोठे लोक घसरलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुला अरेतुरे केलं तर चालेल ना, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

आयजीजीला, म्हणजे तुझ्या अख्ख्या अँटिबॉडीला, हात दोन. लोकलमध्ये उभं राहून बघ, एका हाताने कडी धरली तर धक्क्याला हात सुटतो आणि माणूस पडतो. दोन कड्या दोन हातांनी धरल्या तर एक सुटली तरी दुसरीने तोल राहतो आणि तेवढ्यात सुटलेला हात पुन्हा कडी पकडतो. मोनोमरला कडी एकच, एक शेपटी. तिथे अँटिबॉडी एकाच हाताने धरते आणि सुटते. फायब्रिलवर शेपट्या दाटीने ओळीत, एकीशेजारी एक, तिथे ती दोन्ही हातांनी धरते. म्हणजे प्रत्येक हाताची पकड दोन्हीकडे तंतोतंत सारखीच, आकार ओळखण्याचा संबंधच नाही, तरी मोजल्यावर फायब्रिलशी बंध शेकडो पट घट्ट दिसतो. याला ॲव्हिडिटी म्हणतात. आणि एका हाताची पकड जितकी कमजोर तितका हा फरक मोठा दिसतो, कारण पकड मुळातच घट्ट असेल तर मोनोमरही सुटत नाही.

खरी उदाहरणं देतो. अल्झायमरमधली अड्युकॅनुमॅब, ती अमायलॉइड-बीटाच्या ३ ते ७ या पाच अमिनो आम्लांना धरते, अगदी साधा सरळ तुकडा, पण एका हाताची पकड कमजोर असल्याने मोनोमर सोडून देते आणि प्लाकला (मेंदूत साचलेल्या अमायलॉइडच्या थराला) घट्ट बसते. पार्किन्सनमधली सिनपॅनेमॅब, ती अल्फा-सायन्युक्लिनच्या पहिल्या १० अमिनो आम्लांना धरते, सरळ तुकडाच, आणि फायब्रिलशी तिचा बंध मोनोमरपेक्षा ८०० पटींहून घट्ट मोजला गेला. म्हणजे 'फायब्रिल जास्त पसंत' आणि 'आकार ओळखते' ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि दुसरं लिहायला जास्त पुरावा लागतो.

तपासायचं कसं? एक हात तोडायचा. अँटिबॉडीचे फॅब तुकडे (एकेक सुटा हात) कर आणि तीच कॉम्पिटिशन एलायझा पुन्हा लाव. उंदराची आयजीजी१ प्रकारची असेल तर कापायला पपेनपेक्षा फिसिन हे एन्झाइम बरं. फॅबलाही फायब्रिल मोनोमरपेक्षा कितीतरी जास्त आवडत असेल तर सर बरोबर आणि तुझ्याकडे खरंच दुर्मिळ गोष्ट आहे. दोन्हीकडे सारखं झालं तर ती ॲव्हिडिटी. आणि हे करताना सेकंडरी अँटिबॉडी (तुझ्या अँटिबॉडीला चिकटून सिग्नल देणारी) बघून घे ग बाई, आपण सवयीने एफसीला, म्हणजे अँटिबॉडीच्या दांड्याला, चिकटणारी वापरतो आणि फॅबला एफसी नसतंच, मग सगळं शून्य येतं आणि माणूस समजतो फॅब मेलं. हातातली लाइट चेन ओळखणारी घे.

बीएलआयवर करायचं झालं तर सेन्सरवर अँटिबॉडी बसव आणि मोनोमर द्रावणात ठेव, उलटं केलंस तर सेन्सरवरच्या दाटीमुळे मोनोमरलाही दोन हात मिळतात आणि मोनोमरचे आकडे खोटे घट्ट येतात.

कुणी एचडीएक्स (झाकलेल्या भागात हायड्रोजनची अदलाबदल किती मंदावते ते मोजणं) करायला सांगितलं तर थांब. शेवयीसारख्या प्रोटीनमध्ये हायड्रोजन-ड्युटेरियमची अदलाबदल इतकी झटपट होते की नेहमीच्या दहा सेकंदांच्या पहिल्या मोजणीआधीच सगळं बदलून गेलेलं असतं, अँटिबॉडीने झाकलेला भागही नीट उठून दिसत नाही. त्यापेक्षा एनएमआर, तेही फॅबबरोबर. या प्रोटीनच्या जवळजवळ प्रत्येक अमिनो आम्लाचा सिग्नल कुठे येतो हे आधीच ठरलेलं आहे, नायट्रोजन-१५ लावलेला मोनोमर घ्यायचा, फॅब मिसळायचं, आणि कुठले ठिपके विझतात ते मोजायचं. मुंबईत टीआयएफआरला हाय-फील्ड एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे, अर्ज करून वेळ मिळतो. आयआयटी मुंबईतही याच प्रोटीनवर वर्षानुवर्षं काम चाललंय, थेंबांतून गाठी कशा सुरू होतात यावरचा त्यांचा २०२० चा पेपर वाचला असशीलच. म्हणजे मदत मागायची तर फार लांब जायला नको.

आई_आणि_मी

मी शास्त्रातली नाही, बँकेत आहे. माझ्या आईला नऊ वर्षांपासून कंपवात आहे म्हणून मी या विषयाचं सापडेल ते वाचते, निम्मं कळत नाही तरी वाचते. एक विचारू का, रागावू नका. अँटिबॉडी या प्रोटीनला चिकटते एवढं माहीत असल्यावर ती १२१ ला चिकटते की १० ला याने पेशंटला काय फरक पडतो? आईचा हात रात्रभर हलतो तेव्हा मला वाटतं हे लोक कशात वेळ घालवतायत. परत सांगते, मनापासून विचारतेय.

खडू_फळा

ताई, रागवायचं काय त्यात. आमच्यासारख्यांना रोज कुणीतरी हे विचारायला हवं.

फरक पडतो, आणि तो पेशंटवरच पडतो. हे प्रोटीन मेंदूत अखंड राहत नाही. ल्युई बॉडी म्हणून ज्या गाठी तयार होतात त्यांत या प्रोटीनच्या शेपट्या कापलेले तुकडेही सापडतात, कुठे ११९ ला कापलेले, कुठे १२२ ला. शेपटीला चिकटणारी अँटिबॉडी औषध म्हणून दिली तर तिला हे शेपूटतुटके तुकडे दिसतच नाहीत, आणि लॅबमध्ये शेपूटतुटके तुकडे अखंड प्रोटीनपेक्षा लवकर गाठ धरतात हे पुन्हा पुन्हा दिसलंय. दुसरीकडे सुरुवातीला चिकटणारी घेतली तर माणसाच्या पेशीत प्रोटीनच्या पहिल्याच अमिनो आम्लावर ॲसिटिलची टोपी असते, ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रोटीनवर ती नसते, म्हणजे लॅबमध्ये छान चिकटलेली अँटिबॉडी माणसात तशीच चिकटेल का हे टोपी घालून तपासायला लागतं. मधल्या गाभ्याला चिकटणारी घेतली तर फायब्रिलमध्ये ती जागा आतच दडलेली. म्हणजे कुठे चिकटते यावरून तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे ठरतं.

पार्किन्सनसाठी अशा दोन अँटिबॉडी माणसांत तपासल्या गेल्या, निकाल २०२२ मध्ये आले. प्रासिनेझुमॅब, शेपटीला धरणारी, ११८ ते १२६, त्यात ३१६ रुग्ण होते. आणि वर म्हटलेली सिनपॅनेमॅब, सुरुवातीला धरणारी, ३५७ रुग्ण. वर्षभराने ठरवलेल्या मोजमापावर दोन्हींत फरक दिसला नाही. सिनपॅनेमॅबचं काम तिथेच थांबलं, प्रासिनेझुमॅबचं पुढे चालू राहिलं. अपयश नुसत्या एपिटोपमुळे आलं असं कुणी म्हणू शकत नाही, रक्तातून मेंदूत अँटिबॉडी फार थोडी पोचते, रोग दिसेपर्यंत पेशी बऱ्याच गेलेल्या असतात, कारणं खूप आहेत. पण अल्झायमरमध्ये बघा, सोलानेझुमॅब अमायलॉइड-बीटाच्या मधल्या भागाला, १६ ते २६, धरायची आणि मोकळ्या मोनोमरलाच धरायची, प्लाक तसेच राहिले आणि रुग्णांना फायदा झाला नाही. डोनानेमॅब मात्र प्लाकमध्येच सापडणारं, तिसऱ्या जागेवर कापलं जाऊन बदललेलं टोकच ओळखते, तिने प्लाक साफ झाले आणि रोगाची घसरण थोडी मंदावली. प्रोटीन दोन्हीकडे एकच, जागा वेगळी.

तुमच्या आईंना या लेखनाचा आज काही उपयोग नाही हे मला कळतं आणि त्याचं वाईट वाटतं. रात्रीच्या कंपाबद्दल मात्र न्यूरॉलॉजिस्टना नक्की सांगा, रात्रीच्या गोळीची वेळ किंवा प्रकार बदलून पुष्कळदा आराम पडतो, नऊ वर्षांत असे बदल करावेच लागतात.

आई_आणि_मी

समजलं. टोपीचं आणि शेपटीचं तर अगदी नीट समजलं. गोळीच्या वेळेचं विचारते सोमवारी. धन्यवाद दादा.

मुळाकाठची

दोन महिन्यांनी परत आलेय, सगळ्यांना सांगायचं राहून गेलं असतं तर मला चैन पडलं नसतं.

पहिल्यांदा मेम्ब्रेन फिक्स केली आणि तिथेच रडू आलं, मोनोमरचा पट्टा असा ठसठशीत की एक्सपोजर कमी करावं लागलं. कंट्रोलचंही तसंच. दोन वर्षं ज्याला 'कन्फर्मेशनल' म्हणत होतो त्यातलं बरंचसं सिंकमध्ये वाहून जात होतं.

मग उंदराचं प्रोटीन, संगमनेरकर ताई तुम्ही म्हणालात तसंच, काहीच नाही, कोरी लेन. १-९५ नाही, १-१२० नाही. उंदराच्या प्रोटीनमध्ये १२१-१२२ माणसासारखं करायला मला तीन आठवडे लागले कारण पहिला प्रायमर मीच चुकीचा मागवला होता, पण झाल्यावर पट्टा परत आला, माणसाच्या प्रोटीनइतकाच जवळजवळ. ती फिल्म मी टेबलाला चिकटवून ठेवलीय.

एवढं झाल्यावर सर म्हणाले आता पेप्टाइड मागव, फक्त शेपटीचे. ९६ ते १४० मधले पंधरा-पंधराचे, तीन-तीनने सरकवलेले, एकूण ११ पेप्टाइड, पूर्ण ॲरेच्या मानाने खर्च किरकोळ. १११-१२५, ११४-१२८, ११७-१३१ आणि १२०-१३४ या चारांना चिकटली. १०८-१२२ ला नाही आणि १२३-१३७ लाही नाही. म्हणजे चौघांत सामाईक १२० ते १२५, प्रोलिन, ॲस्पार्टिक, ॲस्पॅराजिन, ग्लुटामिक, ॲलॅनिन, टायरोसिन. सहा अमिनो आम्लं.

आणि फॅब. कृष्णाकाठ काका, सेकंडरीचं तुम्ही लिहून ठेवलं होतं आणि तरी मी पहिल्या दिवशी सवयीने एफसीवालीच घातली, अख्खी प्लेट पिवळी झालीच नाही, मग तुमचा प्रतिसाद आठवला. लाइट चेनवाली घेतल्यावर निकाल असा, पूर्ण आयजीजीला फायब्रिल मोनोमरपेक्षा पुष्कळ जास्त आवडतं, फॅबला दोन्ही जवळपास सारखंच. ॲव्हिडिटी. सरांना आलेख दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले रिपोर्टात 'शेपटीतला सरळ एपिटोप, फायब्रिलवर दुहेरी पकड' असं लिही आणि फॅबचा आलेख पहिला ठेव. मला सरांचा त्या दिवशी फार आदर वाटला.

आता थोडं मन खट्टू आहे ते एवढ्यासाठी की हे जवळजवळ सिन२११ च झालं, नवीन काय केलं मी?

संगमनेरकर

पोरी, अभिनंदन! परत आलेला पट्टा बघायची मजा दुसऱ्या कशात नाही.

सिन२११ च झालं असं अजून म्हणू नकोस. दोघी एकाच जागी बसल्या तरी प्रत्येकीचा जोर वेगळ्या अमिनो आम्लावर असू शकतो. १२० ते १२५ मध्ये एकेक जागा ॲलॅनिनने बदलून बघ (१२४ ला मुळातच ॲलॅनिन आहे, तिथे ग्लायसिन घाल), आणि तेच पेप्टाइड सिन२११ वरही लाव. त्याबरोबर १२५ च्या टायरोसिनवर फॉस्फेट असलेला एक पेप्टाइड नक्की मागव, कारण ती जागा तुझ्या एपिटोपच्या अगदी टोकाला आहे आणि फॉस्फेट बसल्यावर तुझी अँटिबॉडी आंधळी होते की नाही हे माहीत नसेल तर मेंदूच्या स्लाइसवर 'इथे सायन्युक्लिन नाही' असं तुला कधीच म्हणता येणार नाही. १२९ च्या सेरिनवर फॉस्फेट असलेलाही एक घे, ल्युई बॉडीतल्या या प्रोटीनचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग तिथे फॉस्फेट झालेला असतो, चार जागा लांब असला तरी तपासलेलं बरं.

कृष्णाकाठ

तुझा फॅबचा आलेख वाचूनच समाधान झालं बघ. पुढे रुग्णाच्या मेंदूवर बघायचं असेल तर बेंगळुरूला निम्हान्सची ब्रेन बँक आहे, तिथे ऊती मागता येतात, पण दोन्हीकडच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि त्याला वेळ जातो, म्हणून पेप्टाइड यायची वाट न बघता अर्ज आत्ताच टाक. आणि स्लाइस आल्या की आधी फॉर्मिक ॲसिडची प्रक्रिया करून मगच अँटिबॉडी घाल, नाहीतर फायब्रिलमधले एपिटोप उघडेच पडत नाहीत. १-१२२ ला कापलेले तुकडे तुझ्या अँटिबॉडीला दिसणार नाहीत, म्हणून शेजारच्या स्लाइसवर ९१-९९ वाली लाव आणि दोन्हींची चित्रं एकाखाली एक ठेवून बघ, जिथे एकीला दिसतंय आणि दुसरीला नाही तिथे शेपूटतुटके असण्याची शक्यता आहे.

मुळाकाठची

अर्जाचा फॉर्म आत्ता उघडलाय. दोन्ही फॉस्फोपेप्टाइड उद्या सरांकडून मंजूर करून घेते. उंदराचा तो १२१-१२२ वाला प्लाझ्मिड कुणाला हवा असेल तर व्यनि करा, ग्लिसरॉल स्टॉक करून ठेवलाय.